तिगावच्या बाकड्यावरचे भाटजी

आमच्या घरात कागद नव्हता. बोरगावात आमच्या दोन खोल्या होत्या, त्यातली एक पावसाळ्यात पाण्याची असायची आणि एक आमची. बाप संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला जायचा. माय हंगामात कापूस वेचायची, हंगाम नसला की मिळेल ते काम. बगीच्यात गळून पडलेली संत्री मजुरांना नेऊ द्यायचे. हिवाळ्यातल्या कितीतरी संध्याकाळी आम्ही भाकर, मीठ आणि संत्रं एवढंच खाल्लं आहे. पुढे शहरात कोणी संत्र्याचं कौतुक करू लागलं की मला त्या भाकरीवरचा आंबट रस आठवतो आणि मी गप्प बसते. माय आणि काकू यांच्यात बाहेर जायचं लुगडं एकच होतं. एक लग्नाला गेली की दुसरी घरी. राशनकार्ड होतं, पण ते मालकाच्या घरी ठेवलेलं असायचं. आमच्या नावाचं म्हणावं असं घरात दुसरं काही नव्हतं. शेत नाही म्हणून शेताचा कागद नाही. वाचणारं कोणी नाही म्हणून चिठ्ठी नाही.

आणि अशा घराच्या दारात दोन-तीन वर्षांनी एकदा एक माणूस यायचा. त्याचं म्हणणं असं की त्याच्या झोळीत आमच्या घराण्याची नऊ पिढ्यांची वही आहे.

त्यांना सगळे भाटजी म्हणत. नाव असेलच, पण जो माणूस साऱ्यांची नावं सांगत फिरायचा त्याचं नाव विचारायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही. उंच, वाकलेले, भर वैशाखात अंगात काळा कोट, आणि काखेत छत्री. ती छत्री मी कधी उघडलेली पाहिली नाही. एकदा सरीत ओलेचिंब होऊन आले तेव्हाही ती काखेतच होती, कारण झोळी तिच्याखाली दाबून धरली होती. झोळीत लाल कापडात बांधलेल्या तीन लांबोळक्या वह्या. त्या जमिनीवर टेकवायच्या नाहीत हा त्यांचा नेम. दारात आले की आधी सूप मागायचे, त्यात ओंजळभर ज्वारी टाकायला लावायचे, आणि वही त्या सुपात ठेवायची. मग स्वतः खाली मातीत बसायचे.

पाणी विचारलं तर म्हणायचे, "पाणी मागून. पयले सांगा, घरात कोण आलं आन् कोण गेलं?"

लेकरं किती, असं त्यांनी कधी विचारलं नाही. कोण आलं, असंच विचारायचे. जणू जन्मलेलं पोर लांबचा प्रवास करून उतरलं आहे. नाव सांगितलं की ते दोनदा तोंडात घोळवायचे आणि नंतर लिहायचे. अक्षरं त्यांची त्यांनाच कळायची. बापापासून लेकाकडे आलेली ती लिपी होती, वर एक लांब रेघ आणि खाली लोंबकळणाऱ्या काड्या. शाळेत गेल्यावर मी मोठ्या तोऱ्यात ती वाचायला गेले आणि एक अक्षर लागलं नाही.

दान म्हणून धान्य घ्यायचे, तेही घर पाहून. ज्या घरी काहीच नसेल तिथून चिमूटभर मीठ. मीठ मागितलं म्हणजे त्या घराचा अपमान झाला असं होऊ नये, म्हणून वर म्हणायचे, "माह्या घरचं मीठ संपलं व बाई." त्यांच्या घरी मीठ कायमच संपलेलं असायचं.

आमचा मोहल्ला छत्तीस घरांचा. सगळे बौद्ध. बापाच्या पिढीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि येऊन जुनं सगळं टाकलं. देव टाकले, मेलेलं ढोर ओढणं टाकलं, डफडं टाकलं. मग भाट कशाला? बहुतेक घरांनी दारं लावली. भाटजींचं येणं मात्र थांबलं नाही. नव्या नावांबद्दल त्यांची एक तक्रार असायची.

"एका मोहल्ल्यात सात राहुल," ते कपाळाला हात लावून म्हणायचे. "सात! बरं, त्यातल्या तिघांच्या बापाचं नाव गौतम. आता माह्या वहीनं काय करावं? जुन्या नावात काय वाईट होतं? कचरू, दगडू, धोंडू. एकाचं दुसऱ्याले लागत नव्हतं."

हे त्यांनी एकदा माझ्या बापासमोर म्हटलं. बाप बगीच्यातून आला होता, पाय धूत होता. त्यानं लोटा खाली ठेवला.

"भाटजी, कचरू हे काय माणसाचं नाव होय? कचरा म्हणून ठेवलं ते. ठेवलं कोणी ते बी तुमाले मालूम आहे. आन् तुमी ते दारादारात वाचून राहिले."

"नाव कचरू होतं गा," भाटजी शांतपणे म्हणाले. "पण त्या पांढरीतली विहीर खंदली त्यानं. एकट्यानं. चोवीस हात."

"आन् पाणी लागल्यावर त्याले पिऊ देल्लं का?"

भाटजी सुपातली ज्वारी बोटानं सारखी करत राहिले.

"मंग? त्या वहीत आमची गुलामी लिवली आहे. ते वाचून आमी काय करू? आमी दीक्षा घेतली. आता भाट-बीट काही नाही. जा तुमी."

भाटजी उठले. वही बांधली, सुपातली ज्वारी सुपातच ठेवली. जाता जाता एवढंच म्हणाले, "दीक्षा तू घेतली. चांगलं केलं. पण तुह्या आजानं नाही घेतली नं. मंग त्याच्यापाशी जावं कोणी?"

बाप त्या रात्री जेवला नाही. मला तेव्हा वाटलं, धर्माचा प्रश्न आहे. बापाची बाजू मला पटत होती आणि आजही पटते. कचरू नावाच्या आमच्या पूर्वजाला स्वतः खणलेल्या विहिरीचं पाणी मिळालं नाही, हे अभिमानानं वाचण्यासारखं नाहीच.

माय मात्र बाप घरी नसताना मागच्या दारानं भाटजींना बोलवायची. बापाच्या कोणत्याही गोष्टीवर उलट न बोलणारी बाई, या एका बाबतीत चोरी करायची. सूप, ज्वारी, सगळं तयार ठेवायची आणि कुडाला टेकून बसायची. मी एकदा विचारलं, "माय, तुले त्यात काय समजते?" ती म्हणाली, "आयकाले काय लागते?"

मी मॅट्रिक झाले, त्या मोहल्ल्यातली पहिली मुलगी. कॉलेजसाठी मला मामाकडे तिगावला ठेवलं. मामा रेल्वेत गँगमन, स्टेशनाजवळ त्याचं क्वार्टर. तिगावहून सकाळची पॅसेंजर धरायची आणि पांढुर्ण्याला उतरून कॉलेजात जायचं. शाळा मराठीत झाली होती, पण राज्य हिंदीचं, म्हणून कॉलेज हिंदीत होतं. इतिहास घेतला. आमचे सर म्हणायचे, "प्रमाण के बिना इतिहास नहीं, कहानी है." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. घरात पहिल्यांदा कोणीतरी शिकत असलं की शिकवलेलं प्रत्येक वाक्य त्याला हत्यारासारखं वाटतं.

भाटजी तिगावचेच आहेत, हे मला तिथे गेल्यावर कळलं. स्टेशनाबाहेर त्यांच्या मुलाची चहाची टपरी होती. भाटजी सकाळी फलाटावरच्या सिमेंटच्या बाकड्यावर येऊन बसायचे आणि उतरणाऱ्या-चढणाऱ्या कोणालाही विचारायचे, "कोण्या गावचे? आजाचं नाव काय?" निम्मे लोक हसून पुढे जायचे. तिकीट तपासणाऱ्या एका बाबूला त्यांनी रोज विचारून विचारून त्याच्या पणज्यापर्यंत नेलं होतं. तो बाबू बिचारा सुट्टीवर गावी जाऊन पणज्याचं नाव विचारून आला आणि येऊन त्यांना सांगितलं. भाटजी म्हणाले, "पाह्य, आता तुह्यात वजन आलं." त्या दिवसापासून तो बाबू त्यांचा चहा स्वतः आणून द्यायचा.

मुलगा आपल्या बापाला हसायचा. वाईट नव्हता. "आमचा बुढा," तो ग्लास विसळता विसळता सांगायचा, "मेलेल्याची हजेरी घेते. मी म्हणतो, जित्याले चहा तरी पाज."

पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बोरगावला होते. भाटजी आले. बाप बगीच्यात होता. मायनं मागच्या दारानं बोलावलं. यावेळी ते काठी टेकत आले आणि उंबरा पायानं चाचपून बसले. मी कॉलेजची वही-पेन घेऊन त्यांच्या शेजारी बसले, म्हटलं, एकदा लिहून तर घेऊ.

त्यांनी वही उघडली आणि वाचायला लागले. वाचणं म्हणजे गाणं नाही आणि बोलणंही नाही, मधलं काहीतरी. प्रत्येक माणसाला एक ओळ. कोणाचा कोण, कुठून आला, बायको कोण्या गावची, आणि त्यानं केलेली एक गोष्ट. एकच. महादानं पुरातून मालकाचे बैल काढले. पैकूनं भाऊ मेल्यावर त्याची चार लेकरं वाढवली. सोनबानं कधी कोणाला शिवी दिली नाही. अशा नऊ पिढ्या. मी लिहीत होते आणि माझी मान न सांगता ताठ होत होती. आमच्या घरात कागद नव्हता, आणि इथे माझी पानं भरत होती.

शेवटी बापाचं नाव आलं. "ह्याची लेकरं," असं म्हणून भाटजी थांबले. उजव्या हाताचा तळवा वहीच्या पानावर सपाट ठेवला. एक श्वास. मग हात उचलून म्हणाले, "एक लेक, मंग दोन ल्योक." मी लिहिलं. मी आणि माझे दोघे धाकटे भाऊ. मायनं पदर सारखा केला आणि ज्वारी आणायला आत गेली.

तेवढ्यात माझं लक्ष वहीकडे गेलं. वरची लांब रेघ खाली होती आणि काड्या वर उभ्या होत्या. वही उलटी धरलेली होती. सगळा वेळ.

मी मायसमोर बोलले नाही. भाटजींना बसस्टँडवर पोचवायला गेले तेव्हा म्हटलं, "भाटजी, वही उलटी होती."

ते चालत राहिले. "मले मालूम आहे," म्हणाले. "हाताले शिवण उलट्या बाजूनं लागली नं मधातच, तवा समजलं. पण मधात फिरवली असती तर तुह्या मायले समजलं असतं."

"दिसत नाही तुम्हाला?"

"उजेड समजते. माणूस समजते का उभा आहे. अक्षर नाही समजत, दोन वर्सं झाले."

"मग वाचलं ते?"

"सातव्या वर्सापासून पाठ आहे पोरी. वही त लोकायसाठी असते. वही नाही पाह्यली तर लोकायले वाटते बुढा मनचं सांगून राहिला."

बस यायला वेळ होता. त्यांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली आणि जे बोलले ते बहुतेक बरेच दिवस मनात ठेवलेलं असावं. "माहा पोरगा नाही शिकला हे. त्याची बी चूक नाही, कोण देते आता काही? वहीतलं दुसऱ्या कोणाले वाचता येत नाही. मी गेलो का संपलं. तुले लिवता येते. मी सांगतो, तू तुह्या अक्षरात लिव. बोरगावचे छत्तीस घरं. तिगावले गाडी याच्या पयले अर्धा घंटा भेटते नं? सालभरात होते."

मी हो म्हटलं. मला ते मोठं काम वाटलं, आणि ते मला मिळालं याचाही मोठेपणा वाटला.

जुलैत कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी मी अर्धा तास आधी फलाटावर गेले. भाटजी कोट घालून, दाढी करून बसले होते. त्यांच्या शेजारी बाकड्यावर माझ्यासाठी जागा पुसून ठेवली होती. म्हणाले, "कोण्या घरापासून धरू?"

मी म्हटलं, "आमच्या."

"तुमचं त झालं नं लिवून."

"पुन्हा सांगा."

मला पडताळून पाहायचं होतं. सरांचं ते वाक्य डोक्यात होतं, आणि उलटी वहीही. दोन्ही वेळचं जुळलं तर प्रमाण. ही परीक्षा आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही कारण विचारलं नाही, सुरुवात केली. मी मांडीवर उन्हाळ्यातली पानं ठेवून बोटानं ओळ पुढे नेत होते. महादा, बैल. पैकू, चार लेकरं. कचरू, विहीर, चोवीस हात. शब्दाला शब्द. दोन दिवसांत आठ पिढ्या झाल्या आणि कुठे काना इकडचा तिकडे नाही. मनातल्या मनात मी त्यांना पास करून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी बापाची ओळ आली.

"ह्याची लेकरं," भाटजी म्हणाले, आणि न थांबता पुढे गेले. "पयला आनंद. चवथ्या वर्सी गोवरानं गेला. मंग एक लेक, मंग दोन ल्योक."

माझं बोट थांबलं.

"आनंद कोण?"

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"भाटजी, आनंद कोण? आमच्या घरात आनंद नाही. मी थोरली आहे. उन्हाळ्यात तुम्ही तीन लेकरं सांगितली. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं, पण मला त्याचा अर्थ चुकीचा लागला. मला वाटलं, पकडले गेले. ते थोडा वेळ काठीची मूठ चोळत बसले. मग हळूच म्हणाले, "असं आहे का? मंग खोडून टाक."

"खोडून टाक म्हणजे?"

"तुहं लिवलेलं बरोबर आहे. मी आता म्हटलं ते खोड."

आता विचार केला तर त्याच जागी मला कळायला हवं होतं. जो माणूस नऊ पिढ्यांत एक बैल चुकला नाही, तो माझ्या सख्ख्या घरात एक पोरगा का चुकेल? पण मला राग आला होता. एवढ्या सहज खोड म्हणतो, म्हणजे बाकीचंही असंच असणार. म्हणजे माझ्या त्या नऊ पिढ्याही गेल्या. कागद मिळाला होता, तो हातचा गेला, असं मला झालं.

मी उभी राहिले आणि फलाटावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. "तुम्हाला दिसत नाही, आणि आता आठवतही नाही. मनचं सांगता तुम्ही. असलं मी लिहिणार नाही. आमचे लोक तुम्हाला दारातून परत पाठवतात ते बरोबरच करतात."

मुलगा टपरीतून पाहत होता. तो म्हणाला, "घे. मी तेच म्हणून राहिलो इतक्या वर्सापासून."

भाटजी "गाडी आली, जाय," एवढंच म्हणाले. गाडीचा आवाज मला अजून आला नव्हता, त्यांना आला होता.

त्यानंतर मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहायला लागले, पाण्याच्या नळाजवळ. काही दिवस ते बाकड्यावर दिसायचे, कोट घालून. मग दिसेनासे झाले. मला बरं वाटलं. तिकीट तपासणाऱ्या बाबूनं एकदा विचारलं, "भाटजींचं काय बिनसलं?" मी म्हटलं, "माहीत नाही." सहामाही परीक्षा जवळ आली आणि मी अभ्यासाला लागले.

दिवाळीच्या सुट्टीत बोरगावला गेले. माय अंगणात अंबाडीची बोंडं सोलत होती आणि मीही बसले. काहीतरी गंमत सांगायची म्हणून मी म्हटलं, "माय, तुह्या भाटजीचं डोकं गेलं. मले म्हणे, तुह्या घरी आनंद नावाचा पोरगा होता."

मायचे हात थांबले. ती म्हणाली, "त्यानं नाव घेतलं?"

"हो."

"मोठ्यानं?"

"हो. काऊन?"

"माह्यासमोर नाही घेत तो," माय म्हणाली. "कधीच नाही घेतलं. मायसमोर मेल्या लेकराचं नाव भाट घेत नाही, हात ठेवते. तो हात ठेवते नं वहीवर, तवा आनंदा असते तिथी. मी तेच पाहाले बसतो."

माय पुन्हा सोलायला लागली आणि सोलता सोलता सांगत गेली. मोठा पाणीदार पोरगा होता. बापाच्या मागं मागं बगीच्यात जायचा. गोवर आला, अंगात मुरला. सौसरच्या दवाखान्यात न्यायला मालकाची बैलगाडी मागितली, तर गाडी शेणखताच्या कामात होती. बाप त्याला पाठुंगळी घेऊन पायी निघाला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. त्यानंतर बापानं घरात ते नाव घेऊ दिलं नाही. फोटो नव्हता. जन्माची नोंद नव्हती. पुढच्या वर्षी मी झाले.

"कुठीच नाही तो," माय म्हणाली. "त्या वहीत तेवढा आहे."

बाप कधी येऊन कुडाजवळ उभा राहिला ते आम्हाला कळलं नाही. त्याला वाटलं असतं तर तो माझ्यावर, मायवर, भाटजीवर ओरडू शकला असता. तो म्हणाला, "मोहाच्या झाडापाशी जीव गेला त्याचा. मी तसाच चालत होतो," आणि आत गेला. तेव्हा मला कळलं की वही दारातून परत पाठवण्यात बापाचं दीक्षेशिवाय आणखीही काही होतं.

दुसऱ्याच दिवशी मी तिगावला आले. सुट्टी संपायला आठवडा होता. मामीनं विचारलं, "इतक्या लवकर काऊन आली?" मी पिशवी ठेवून तशीच स्टेशनाबाहेर गेले. टपरी उघडी होती. मुलानं डोक्याचे केस काढलेले होते.

धनतेरसच्या आदल्या दिवशी गेले, तो म्हणाला. फार काही झालं नाही, ताप आला दोन दिवस.

"आणि वह्या?"

"जाम नदीत सोडल्या. बुढ्यानंच सांगून ठेवलं होतं. वाचणारा नसला का वही घरात ठेवाची नाही, थंडी कराची." त्यानं माझ्यासाठी ग्लासात चहा ओतला, मी न मागता. "तीन होत्या. दोन बुडाल्या लवकर. एक बराच वेळ तरंगत होती."

मी विचारलं, बाकड्यावर यायचे का बंद झाले होते?

"मीच सांगितलं ना त्याले," तो म्हणाला. "म्हटलं, ते बोरगावची पोरगी आता नळापाशी उभी राहते. तवापासून उठलाच नाही सकाळी. म्हणे, मी तिथी बसलो त तिले लाजल्यावानी होते. तिची गाडी जाऊ दे, मंग जातो. पण मंग गेलाच नाही."

मी त्याला आनंदचं सांगितलं. मला वाटलं होतं, त्याला राग येईल. तो ग्लास पुसत राहिला. म्हणाला, "हात ठेवाचं मले बी शिकवलं होतं लहानपणी. मी इसरलो."

एवढ्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, त्यांनी तेव्हाच का सांगितलं नाही? एक वाक्य पुरलं असतं. "तुह्या मायले विचार," इतकं जरी म्हणाले असते. पण तसं म्हटलं असतं तर मायनं जे झाकून ठेवलं होतं ते उघडलं असतं, आणि भाटाच्या तोंडून उघडलं असतं. त्यापेक्षा एका कॉलेजच्या पोरीसमोर आपण खोटे ठरलेलं त्यांना चाललं. आयुष्यभराची एकच इस्टेट त्यांच्याजवळ होती, ती म्हणजे त्यांचा शब्द. ती त्यांनी बाकड्यावर ठेवली आणि मी ती उचलली नाही. छत्तीस घरांची नावं माझ्या एका सकाळच्या हुशारीत गेली. याला मी दुसरं काही म्हणत नाही.

मी बी.ए. झाले. सेकंड क्लास. निकाल लागला तेव्हा बापानं मोहल्ल्यात चिवडा वाटला. पुढे सौसर तहसिलीतच प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून लागले. पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बापाला सांगितलं की मला घरोघर जाऊन नावं लिहायची आहेत. रविवारी तो सौसरच्या बाजारातून येताना दुकानदार वापरतात तशी जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आला. म्हणाला, "लाल नाही भेटली. निळी आहे." मग काही वेळानं म्हणाला, "आपलं पयलं लिव. सगळे लिवजो." मी समजले. ते नाव मी लिहिलं. माय घरात होती, म्हणून वाचून दाखवलं नाही.

दोन उन्हाळे मी आणि बाप दारोदार फिरलो. ज्या घरांनी भाटजींना हाकललं होतं त्यांच्याच म्हाताऱ्या आता आठवायला बसायच्या. "सासऱ्याचा बाप... काय होतं व त्याचं नाव? भाटजी सांगे." असं म्हणून थांबायच्या. काही जणी रडायच्या. पाच घरं तोवर गाव सोडून नागपूरकडे गेली होती, त्यांचा पत्ता लागला नाही.

छत्तीसपैकी एकतीस घरांची नावं आता लिहिलेली आहेत. बायकांची आहेत, लहानपणी गेलेल्या लेकरांची आहेत. आमच्या घराच्या नऊ पिढ्या आहेत, कारण त्या मी उन्हाळ्यात लिहून घेतल्या होत्या. बाकीच्या तीस घरांच्या तीन पिढ्या आहेत. त्याच्या मागचं बोरगावात कोणालाच सांगता येत नाही.